पितरांच्या पाटावरचे काका

पाटकाका जेवायला बसण्याआधी एक प्रश्न विचारायचे. आमच्या मारेगावात तो प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. पाय धुऊन झाले, कपाळाला गंध लागलं, भरलेलं ताट समोर आलं, की घरच्या बाईकडे बघून म्हणायचे, "त्याले जेवताना काय सवय होती, ते सांगा." त्याले म्हणजे त्या घरातल्या गेलेल्या माणसाला. बाई सांगायची, आणि काका तसं जेवायचे.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि भादव्यातल्या पितरांच्या पंधरवड्यात, गेलेल्या माणसाच्या नावानं एका जिवंत माणसाला जेवू घालतात. तो त्या दिवसापुरता त्या घरचा पितर. त्याचे पाय धुवायचे, त्याला पुरणपोळी, वडे, कढी, चिंचवणी सगळं साग्रसंगीत वाढायचं, आणि उठताना खांद्यावर नवा दुपट्टा टाकायचा. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी हे होत असेल, आणि पितर म्हणून बसणारी माणसं कशी जेवतात हेही ठाऊक असेल. भराभरा जेवायचं, मोठी ढेकर द्यायची, दुपट्टा काखेत मारायचा आणि पुढचं घर गाठायचं. काकांचं तसं नव्हतं. एका घरचा म्हातारा आधी भात खाऊन मग पोळीकडे वळायचा, तर काका तिथं आधी भात मागायचे. एका घरी कांदा बुक्कीनं फोडून लागायचा, तिथं काका पाटाशेजारी बुक्की मारायचे आणि घरातली लहान पोरं खुदुखुदु हसायची. एका घरच्या आजोबांना कारल्याच्या भाजीचं फार वेड होतं म्हणून काका तिथं कारलं दोनदा मागून घ्यायचे. त्यांना स्वतःला ते आवडायचं की नाही, हे चेहऱ्यावरून कळायची काही सोय नव्हती.

एरवी काका वणी रोडवर फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. टपरीएवढं दुकान, मागे एक खोली. कपाशीवर फवारणीचा जोर आणि पितरांचा पंधरवडा नेमका एकाच वेळी येतो. दुकानासमोर पंप घेऊन माणसं उभी, आणि काका अकरा वाजताच गोणपाटाचा पडदा खाली सोडणार. शेतकरी बोंबलायचे, "काका, वाशर तेवढं बसवून द्या न!" काका म्हणायचे, "जिता माणूस थांबू शकते बाप्पा, मेलेला वर्षातून दोनदाच येते." मग मागच्या मोरीवर बसून साबणानं तीन-तीनदा हात घासायचे आणि वास घेऊन बघायचे. "हाताले औषधाचा वास राह्यला तं पितर उपाशी उठते," असं त्यांचं म्हणणं. नखं तर इतकी स्वच्छ, की पंपवाल्याची वाटायची नाहीत.

ज्याचा बाप हयात आहे त्यानं पितर म्हणून बसायचं नाही, अशी आमच्या घरांतली रीत. काकांचे आईबाप ते दहा वर्षांचे व्हायच्या आतच गेले होते, त्यामुळे विसाव्या वर्षीच कुणीतरी त्यांना पाटावर बसवलं. लग्न झालं, तर दुसऱ्या वर्षी बायको बाळंतपणात गेली आणि बाळही राहिलं नाही. मग त्यांनी पुन्हा संसाराचं नाव काढलं नाही. गावाला असा माणूस फारच सोयीचा. मागे कुणी नाही, कुठं जायचं नाही, बोलावलं की आला. पोरांनी नाव पाडलं पाटकाका, आणि हळूहळू खरं नाव लोक विसरूनही गेले.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते माझ्या बाबांच्या पहिल्या अखजीला. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. मला भाऊ नाही, म्हणून नातेवाइकांचा घोळ चाललेला, की पितर जेवू घालायचं ते पुतण्याच्या हातून. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "सतरा वर्षं त्यायच्यासाठी म्याच रांधलं न? तवा कोणी पुतण्या नाही आला भाकरी थापायले. आता कायले पायजे?" माझी आई अशीच आहे. एकदा बोलली की समोरच्याला ऐकावंच लागतं.

काकांनी तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, "मीठ आधी बाजूले सारत. पह्यला घास दुधात बुडवून खात. अन् शेवटचा घास पोरीले देत." काकांनी मीठ बाजूला सारलं. पहिला घास दुधात बुडवला. सगळं संथपणे जेवले आणि शेवटचा घास हातात घेऊन माझ्याकडे हात पुढे केला. मला इतका संताप आला! मी तडक उठून मागच्या अंगणात निघून गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून रडत बसले. हा कोण पंपवाला, माझ्या बाबांचा हात करून दाखवणारा?

हात धुवायला ते मागेच आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, म्या काई तुया बाप होऊन नाही राह्यलो. त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून एक दिवस बसलो. तुले नोको असन तं पुढच्या बारीनं तो घास मीच खाऊन टाकीन."

"खाऊन टाका," मी म्हटलं.

आणि खरोखर पुढच्या अखजीला त्यांनी तो स्वतः खाल्ला, माझ्याकडे बघितलंही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी कसं कोण जाणे, माझाच हात पुढे झाला. त्यांनी घास हातावर ठेवला आणि ताटाला हात लावून नमस्कार केला. त्या घासाला खरंच बाबांच्या हातची चव होती असं मी म्हणणार नाही. पण मी तो खाल्ला, आणि आई स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली.

काळ बदलला तसे पितरही बदलले. पोरं पुण्याला, हैदराबादला. तिथीला सुट्टी मिळत नाही म्हणून पितर रविवारी यायला लागले. काका हसायचे, "आता मेलेल्यायलेबी सुट्टीच्या दिवशीच भूक लागते." एकदा एका घरच्या मुलाला रविवारीही येता आलं नाही. त्याच्या आईनं काकांच्या ताटासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावरून पोरगा म्हणाला, "बाबा, जेवा." काका जेवले. पण तो पोरगा फोन ठेवेचना. कंपनीत साहेब कसा छळतो, बायकोशी कसं पटत नाही, सगळं सांगत बसला. त्याची आई आत भांडी घासत होती, तिला पत्ताच नाही. काकांचे हात खरकटे वाळून गेले. हे त्यांनीच नंतर माझ्या आईला सांगितलं. "त्यानं मले बाप समजून सांगितलं, बाई. म्या हाव-हाव म्हणत राह्यलो. दुसरं काय म्हणू? थांब म्हणू, म्या पंपवाला आहो म्हणून?"

एवढं सगळं ज्या माणसाला सांगायचं, त्याला पोळ्याला कुणी बोलावलं नाही. दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही, लग्नामुंजीला तर नाहीच. पोळ्याला सजलेले बैल त्यांच्या दुकानावरून जायचे, घरोघर पूजा व्हायची, आणि काका पडद्याच्या आड रॉकेलमध्ये नोझल धुवत बसायचे. दसऱ्याला आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या घरी सोनं द्यायला जायचं असतं. काका दुपारीच स्वच्छ धोतर नेसून दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी. येणारे-जाणारे दुरूनच हात जोडायचे. जुडी तशीच राहायची. कारण कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात एकच. जो मेलेल्यांच्या नावानं जेवतो, त्याचा पाय शुभाच्या दिवशी घराला कसा लागू द्यायचा? मी एकदा समोरच्या काकूंना विचारलंच, तर त्या म्हणाल्या, "काय वो पोरी, सणाच्या दिवशी पितर घरात आणत असतात का?" मला राग आला. पण तो राग काकूंवर काढायला मला तोंड कुठं होतं? आम्ही तरी कुठं बोलावलं होतं? चौदा वर्षं त्यांच्या हातून बाबांना जेवू घातलं आणि एका दिवाळीला चकलीचा तुकडा धाडला नाही. मला याची आजही लाज वाटते.

मला आमची चूक कळली ती पुण्यात, तीही दसऱ्यालाच. नोकरी लागून सहा वर्षं झाली होती. खोलीतल्या दोघी आपापल्या गावी गेलेल्या. मी सिग्नलवरून वीस रुपयांची पानं विकत घेतली आणि पिशवी घेऊन खोलीवर आले. तेव्हा लक्षात आलं की सोनं द्यावं असं एकही घर मला या शहरात ठाऊक नाही. शेजारचं दार वाजवावं, तर त्यांचं नावही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पानं ऑफिसच्या टेबलावर ठेवली, संध्याकाळी झाडणाऱ्यानं ती कचऱ्यात टाकली. एकटं असणं काय असतं ते मला त्या एका दिवसात पुरतं समजलं, आणि काकांचे तर असे तीस-चाळीस दसरे झाले होते. मी आईला फोन करून म्हटलं, "आई, तुला भाऊ नाही. या भाऊबिजेला पाटकाकांना ओवाळ."

आई म्हणाली, "येडी आहेस का? त्यायच्या जागी बसवते म्या त्यायले. भाऊ कसं म्हणू?"

हा पेच माझ्या लक्षातच आला नव्हता. नवऱ्याच्या जागी पाटावर बसणाऱ्याला भाऊ म्हणता येत नाही, आणि एकदा भाऊ म्हटलं की त्याला नवऱ्याच्या जागी बसवता येत नाही. आई त्यांना भाऊजी म्हणायची, नवऱ्याकडचं नातं, ते चालायचं. दिवाळीत मी घरी आले आणि काकांच्या दुकानात जाऊन सरळ विषय काढला. त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. म्हणाले, "पोरी, तुया मायले म्हण, नीट इचार कर. एक बार भाऊ झालो का म्या तुया बापाच्या जागी कधीच नाही बसणार. त्या माणसासारखं जेवणारं दुसरं कोणी भेटणार नाही तिले." त्यांना यायचं होतं. बोलता बोलता त्यांनी मोरीवर साबणानं हात घासायला घेतले होते, म्हणून कळलं. तरी त्यांनी तसं सांगितलं.

आईनं दोन दिवस घेतले. पाडवाही होऊन गेला. मला कळत होतं ती काय सोडायला निघाली होती ते. वर्षातून दोनदा तिच्या स्वयंपाकघरात कुणीतरी मीठ बाजूला सारत होतं, पहिला घास दुधात बुडवत होतं, आणि तेवढा वेळ तिला माणूस घरी आल्यासारखं वाटत होतं. भाऊबिजेच्या सकाळी ती अंगण झाडता झाडता म्हणाली, "चौदा वर्षं जेवले ते. आता पोट भरलं असन त्यायचं. जाय, बलाव त्यायले."

काका आले ते पांढराशुभ्र सदरा घालून, हातात आईसाठी खणाचा कपडा. पाटावर बसले. आईनं ओवाळलं, तेव्हा मान इतकी खाली की निरांजनाचा उजेड नुसता केसांवर पडला. मग ताट आलं. काकांनी सवयीनं वर बघितलं आणि विचारलं, "बाई, आज कोणासाठी बसलो म्या?"

"आज तुमच्यासाठी, दादा," आई म्हणाली.

काकांनी ताटावर हात नेला आणि तो तसाच अधांतरी राहिला. आधी भात की आधी पोळी, मीठ बाजूला की भाजीत, काही ठरेचना. आई म्हणाली, "तुमाले काय आवडते ते आधी घ्या न." त्यांनी ताटभर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आठवून नाही राह्यलं, माय. कोणी इचारलंच नाही कधी." आणि रडले. लहान लेकरासारखे, आवाज करून. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना बघत होते. आईनं पदरानं डोळे टिपले आणि त्यांना दटावलं, "असं सणाच्या दिवशी? खा मुकाट्यानं." मग ते जेवले, कुणासारखं तरी नव्हे, असेच वेडेवाकडे, भातात पुरण कालवून.

आठ दिवसांनी मी पुण्याला परतले, तर आईचा फोन. काका सकाळीच दारात येऊन उभे. आत नाही आले, उभ्यानंच म्हणाले, "बाई, आठवलं. सोल्यायची आमटी. माय करे. तिखटजाळ." सोले म्हणजे तुरीचे कोवळे दाणे. शेंगा भरायला अजून महिना होता. आई म्हणाली, "मंग या महिन्यानं." महिन्यानं ते बरोबर आले. त्यांनी पाच वाट्या आमटी प्यायली आणि घाम पुसत म्हणाले, मायच्या हातचं यापेक्षा तिखट असे. आईला राग आला. पण पुढच्या वेळी तिनं मिरच्या वाढवल्या.

त्यानंतरच्या अखजीला बाबांच्या पाटावर गल्लीतले एक मास्तर बसले. भराभरा जेवले. काका आईचे भाऊ म्हणून ओसरीवर बसून होते, पण राहवेना. दारातूनच म्हणत होते, "मास्तर, मीठ बाजूले. घास दुधात. अबे, दुधात!" मास्तर चिडले, मी हसले, आई हसली नाही. मास्तर गेल्यावर ती बाबांच्या फोटोपुढे जरा वेळ बसली. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

काकांच्या वाट्याला अशा चार भाऊबिजा आल्या. बाकी घरचं पितर बसणं चालूच होतं, आणि बाकी घरांनी त्यांना शेवटपर्यंत सणाला बोलावलं नाही. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी तर आमच्याकडे हळदीकुंकवाला येणं सोडलं. आईनं त्यांची नावंही पुन्हा काढली नाहीत. पाचव्या वर्षी जेठाच्या उन्हात काका दुकानातच कोसळले. वणीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कागदावर नातं विचारलं, आईनं सांगितलं, बहीण. दोन दिवस ती त्यांच्या उशाशी होती. मला रजा मिळून मी निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नागपूर स्टेशनवर उतरले आणि आईचा फोन आला की आता घाई करू नकोस. बसमध्ये खिडकीशी बसून मी वणीपर्यंत रडत आले. बाबा गेले तेव्हा माझं वय राग यायचं होतं. या वेळी रागवायलाही कुणी समोर नव्हतं.

भादव्यात गावाची पंचाईत झाली. जो तो म्हणायचा, पाटकाका असते तं बरं झालं असतं. दुकानाला आता कुलूप आहे, पडदा फाटून लोंबतो.

यंदा मी भाऊबिजेला घरी होते. आईनं पाट मांडला नाही, रांगोळीही काढली नाही. नुसती ओसरीवर बसून होती. दिवे लागायच्या वेळेला समोरच्या काकू आल्या. बाई मनानं वाईट नाही. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बिजेची कोर निघाली, बाई. निरांजन घे अन् ये अंगणात. भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राले ओवाळून घ्यावं. पह्यले तू ओवाळतच होती न दरवर्षी?"

आईनं पश्चिमेकडे बघितलं. कोर अगदी बारीक, बाभळीच्या वर.

"पह्यले मले भाऊ नव्हता," आई म्हणाली. "आता आहे. मेला म्हणून काय झालं?"